एका पगाराचा संसार

एकाच माणसाच्या मिळकतीवर चालणाऱ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी ज्याच्या पंक्तीला एक पाट वाढतो अशा कुटुंबाची अडचण मिळकत थोडी असण्यात जितकी असते, तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, ती मिळकत एका जागी खिळलेली असण्यात असते. कारकून, शिक्षक, पोस्टमन, गिरणीतला जॉबर किंवा आजच्या काळातला एखाद्या दुकानातील विक्रेता, यांपैकी कोणाचाही दरमहाचा पगार घरात मूल जन्मले म्हणून वाढत नाही. दुधाचा रतीब मात्र त्याच आठवड्यात वाढतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हा उपदेश एकट्या माणसाला पुरेसा होतो. परंतु जेथे पाय दरवर्षी चार बोटे वाढतात आणि अंथरूण मात्र तेवढेच राहते, तेथे त्या अंथरुणाला जोड कशी द्यावी ही विद्याही शिकावी लागते, आणि प्रस्तुत प्रकरणाचा विषय ती विद्या हाच आहे.

ही अवस्था केवळ आपल्याकडची नव्हे. इंग्लंडातील यॉर्क शहरी सीबोम राऊंट्री या, कोको आणि चॉकलेटचा कारखाना चालविणाऱ्या घराण्यातील गृहस्थाने १८९९ साली घरोघर चौकशी करून कामगारांच्या संसाराची पाहणी केली व १९०१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मजुराच्या आयुष्यात ओढग्रस्तीचे आणि त्या मानाने बऱ्या स्थितीचे कालखंड आळीपाळीने येतात. तो स्वतः लहान असताना, पुढे त्याची मुले लहान असताना आणि अखेरीस हात थकल्यावर, असा तीन वेळा तो हलाखीत सापडतो, असे त्याने दाखवून दिले. एकच माणूस, एकच काम, जवळजवळ एकच वेतन; अविवाहित असताना तो सुखवस्तू असतो आणि तीन मुलांचा बाप झाला की कर्जबाजारी होतो. या निष्कर्षाचे महत्त्व मला फार वाटते, कारण आपल्या हाती पैसा टिकत नाही म्हणून मनातल्या मनात खजील होणाऱ्या कित्येक कर्त्या पुरुषांचा आणि गृहिणींचा दोष वस्तुतः त्यांच्या स्वभावात नसून मुलांच्या वयात असतो, आणि हे एकदा उमगले की माणूस स्वतःला बोल लावण्याचे सोडून बंदोबस्ताला लागतो.

मुंबई इलाख्याच्या कामगार खात्याने १९२१-२२ मध्ये फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची जी तपासणी केली, तिचा अहवाल १९२३ साली बाहेर पडला. खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग केवळ अन्नावर जातो आणि सुमारे निम्मी कुटुंबे कर्जात आहेत, असे त्यात आढळून आले. कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा, हा सिद्धांत एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडला होता. परळ-लालबागच्या चाळींनी त्याची प्रचिती दिली एवढेच. सावकाराचा त्या काळचा परिचित दर म्हणजे रुपयास दरमहा एक आणा. ऐकावयास तो किरकोळ वाटतो. पण सोळा आण्यांच्या रुपयावर वर्षाचे बारा आणे म्हणजे शेकडा ७५ टक्के व्याज झाले, आणि बारशाला किंवा आजारपणाला काढलेली उचल मूल शाळेत जाऊ लागले तरी फिटत नसे याचे कारण त्या एका आण्यात होते.

अन्न आणि घरभाडे एवढ्या दोनच बाबी पगाराचा मोठा भाग गिळत असतील, तर काटकसर करावयाची तरी कोठून? माझ्या मते तिला दोनच वाटा मोकळ्या असतात. एक, पुढचा खर्च आधी ओळखून त्याची तजवीज करणे, म्हणजे बचत काळातून काढणे. आणि दुसरी, घरातील कोणाच्या तरी ताटातून ती काढणे. पहिली वाट डोके वापरणाऱ्याची आहे. दुसरी बिनबोभाट आहे, म्हणूनच अधिक धोक्याची आहे. आपल्या समाजात काटकसरी म्हणून नावाजलेल्या पुष्कळ संसारांनी ही दुसरी वाट धरली होती, आणि तिची किंमत कोणी मोजली हे पुढे सांगावयाचे आहेच. तूर्त पहिलीचा विचार करू.

मराठी संसाराच्या वर्षाला स्वतःचा एक चढउतार आहे. जूनमध्ये शाळा उघडतात, त्याबरोबर शुल्क, वह्यापुस्तके, गणवेश, छत्र्या आणि पावसाळी पादत्राणे यांचा एकदम तगादा लागतो. भाद्रपदात गणपती व गौरी येतात. आश्विनाच्या अखेरीस दिवाळी येते, तिच्यात कपडे आणि फराळ असतो. मग माघ-फाल्गुनात जरा उसंत मिळते, आणि चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य, वाळवणे, लग्नसराईचे आहेर व मुलांना घेऊन गावी जाणे अशा बाबी पुन्हा एकत्र येऊन उभ्या राहतात. पगार बाराही महिने सारखा आणि खर्च मात्र चार महिन्यांत साचलेला, अशी ही विसंगती आहे. असे असता, जून महिना दरवर्षी न चुकता येत असूनही कित्येक घरांत तो अकस्मात कोसळल्यासारखा येतो आणि उसनवारीला तोंड फुटते. उपाय साधा आहे. मागील वर्षी या चार हंगामांत काय लागले त्याची बेरीज करावी, तिचे बारा भाग करावेत, आणि ती रक्कम पगाराच्या दिवशीच, घरखर्चाला हात घालण्यापूर्वी, वेगळी काढावी. बेरीज ३०,००० रुपये आली तर दरमहा २,५०० रुपये हे त्या घराचे ठरलेले देणे आहे, जसे घरभाडे आहे तसेच. पूर्वी फडताळात निरनिराळ्या डब्यांतून किंवा पुरचुंड्यांतून हे पैसे राहत. आज बँकेत बारा महिन्यांचे आवर्ती ठेवीचे खाते उघडून त्याची मुदत मेअखेरीस संपेल अशी योजना करता येते. महिन्याच्या शेवटी जे उरेल ते शिल्लक टाकू, या संकल्पाने आजवर फारच थोड्यांचे भले केले आहे, कारण वाढत्या मुलांच्या घरी महिन्याच्या शेवटी काही उरत नाही.

यासाठी हिशेब लिहिला पाहिजे हे ओघानेच आले. व्यापारी मनुष्य रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार टिपतो आणि मग तो खतावणीत बाबवार चढवितो. घरालाही एवढेच पुरे. रोज रात्री पाच ओळी, आणि महिन्यातून एकदा किराणा, दूध, भाजी, इंधन, औषध, शाळा, प्रवास, पाहुणे अशा बाबींची बेरीज. या बाबवार बेरजेचा लाभ असा की, जेथे आपण उगाच जीव आखडत होतो ती बाब क्षुल्लक निघते आणि जिच्याकडे लक्षही नव्हते ती फुगलेली दिसते. १९७३ साली निघालेले ‘कालनिर्णय’ घरोघरी भिंतीवर आले तेव्हा तिथी-वार पाहण्यासोबतच दुधाचा खाडा त्या चौकटीत टिपून ठेवण्याची सोय गृहिणींनी त्यात शोधून काढली. महिनाअखेर दूधवाल्याशी होणारी हुज्जत एका पेन्सिलीच्या खुणेने मिटली. वाण्याकडील उधारीच्या वहीविषयी मात्र माझे मत कडक आहे. ती अडीअडचणीला उपयोगी पडते हे खरे. परंतु ज्याच्याकडे आपली बाकी तुंबलेली आहे त्याच्याशी घासाघीस करता येत नाही, दुसऱ्या दुकानी जाता येत नाही, आणि वजनात कसर दिसली तरी जीभ उचलत नाही.

आता बेगमी. गव्हाचे नवे पीक मार्च-एप्रिलात बाजारात येते आणि तेव्हा त्याचा भाव सामान्यतः उतरलेला असतो. चिंच, मिरची, हळद हे जिन्नसही उन्हाळ्याच्या तोंडाशी स्वस्त असतात, कोकणातील आमसुले मे महिन्यात तयार होतात, आणि लोणच्याची कैरी पाऊस पडण्यापूर्वीच घ्यावी लागते. पाच माणसांच्या घरी महिन्यास वीस किलो गहू लागत असला तर वर्षाचे २४० किलो होतात. किलोमागे चार रुपयांचा फरक पडला तरी जवळजवळ हजार रुपये वाचतात. धान्य चाळून, निवडून, कडक उन्हात वाळवावे, आणि पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावे, कारण गरम धान्य झाकले की आत दव धरून ते सादळते. धान्यातील ओलावा शेकडा बाराच्या खाली गेला की किडीला त्यात वाढणे कठीण होते. वाळविण्याचे मर्म एवढेच आहे. गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेल चोळणे, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा बिब्बे घालणे, कडधान्याला राख लावणे या जुन्या रीती आजही उपयोगी पडतात. परंतु एकाच खोलीत सहा माणसे राहत असतील तर वर्षाचे पोते ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न उरतो, आणि अशा घराने तीन महिन्यांचीच बेगमी करावी हे उत्तम. कर्ज काढून धान्य भरणे तर कधीच हिताचे नाही. भावातील फायदा व्याजात जातो.

जागा नाही आणि एकरकमी पैसाही नाही, अशा कुटुंबांनी एकत्र येऊन घाऊक खरेदीचा लाभ घ्यावा, हा विचार महाराष्ट्रात रुजला याचा मला अभिमान वाटतो. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत सहकारी तत्त्वावर सुरू झालेले दुकान पुढे ‘अपना बाजार’ या नावाने नावारूपास आले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने आणखी एक पाऊल टाकले व दुकानच मध्ये ठेवले नाही: शेजारपाजारची कुटुंबे आपला संघ करतात, महिन्याची यादी आणि पैसे आधी देतात, सर्वांची मागणी एकवटून माल घाऊक भावाने घेतला जातो, आणि ठरलेल्या दिवशी कोणा एका सभासदाच्या घरी किंवा ओसरीवर तो उतरवून सभासदच त्याची वाटणी करतात. यात पैशाची बचत होते ती होतेच, शिवाय महिन्याची यादी आगाऊ करण्याची शिस्त आपोआप अंगी लागते.

तथापि बेगमीलाही मर्यादा आहेत, आणि काटकसरीचे गोडवे गाताना त्या विसरणे हा अन्याय होईल. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले तेव्हा साठविण्याचा प्रश्नच राहिला नाही. वाट्याला येईल ते शिधापत्रिकेवर घ्यावयाचे. १९७२ च्या दुष्काळात परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी महाराष्ट्राने खाल्ली. त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने मुंबईच्या गृहिणी हाती लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. डब्यात जे नाहीच ते पुरवून पुरवून वापरता येत नाही, हे त्या स्त्रियांइतके स्पष्टपणे अन्य कोणी सांगितले नसेल.

स्वयंपाकघरातील काटकसरीत मराठी गृहिणीने जे कसब कमावले आहे ते पाहिले की थक्क व्हावे. एक लिटर दुधाचेच पाहा. ते तापवून निवविले की साय येते. आठवडाभराची साय साठवून विरजली की घुसळून लोणी निघते. लोणी कढविले की तूप होते, तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांना मिळते किंवा कणकेत मळली जाते, आणि ताकाची कढी होते. डाळ शिजवून उपसलेल्या पाण्याची, म्हणजे कटाची, आमटी पुरणपोळीच्या दिवशी पुरणाइतक्याच आवडीने खाल्ली जाते. दोडक्याच्या शिरांची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी, रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी आणि पोळ्यांचा गूळतूप घालून केलेला लाडू, यांपैकी एकाही पदार्थाला आपण नाइलाजाचे अन्न म्हणत नाही. उलट माहेरवाशिणी ते मागून खातात. जुन्या चुलीला वैल असे; मुख्य चुलीवर भाकरी भाजली जात असता तिच्याच आगीच्या उरलेल्या धगीवर वैलावर आमटी उकळत राही किंवा दूध तापे. गॅसच्या शेगडीला वैल नाही, पण कडधान्ये रात्री भिजत टाकणे, उकळी आल्यावर आच मंद करणे, झाकण ठेवून शिजविणे आणि कुकरच्या एका भांड्यात डाळ तर दुसऱ्यात भात लावणे यांत तोच विचार आहे.

स्वस्त अन्न निकस असलेच पाहिजे असे नाही, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. डाळ आणि भात किंवा डाळ आणि भाकरी एकत्र खाल्ली की धान्यातील प्रथिनांत जी उणीव असते ती डाळ भरून काढते आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते. नाचणीत चुन्याचे प्रमाण धान्यांत सर्वाधिक आहे. मटकी-मुगाला मोड आणले की त्यांत पूर्वी जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. शेवग्याचा पाला कित्येक गावी फुकट मिळतो. शेंगदाणे आणि गूळ हा वाढत्या मुलाचा चारचा खाऊ कोणत्याही बिस्किटाच्या पुड्याहून सरस आहे. लोखंडी कढईत भाजी शिजविल्याने तिच्यातील लोह वाढते, वर लिंबू पिळल्याने ते अंगी अधिक लागते, आणि जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहाने ते वाया जाते. या गोष्टींना पैसा लागत नाही, केवळ माहिती लागते.

आणि आता त्या दुसऱ्या वाटेविषयी. ज्या घरात सर्वांना वाढून झाल्यावर गृहिणी जेवावयास बसते, त्या घरात टंचाई पडली की ती कोणाच्या ताटात पडते हे वेगळे सांगावयास नको. आमटी थोडी उरली तर ती पाणी घालून घेते, भाजी संपली तर चटणी घेते, दूध मुलांपुरते आणि पाहुण्यांच्या चहापुरतेच आहे म्हणून आपण घेत नाही. याविषयी ती अवाक्षर बोलत नाही, आणि घरातील माणसे तिच्या सुगरणपणाची स्तुती करतात. या काटकसरीची नोंद रोजकीर्दीत कोठेही होत नाही. तिची नोंद रक्तात होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले, आणि महाराष्ट्राचा आकडाही निम्म्याच्या वर आहे. याला कारणे अनेक आहेत, परंतु शेवटी जेवण्याची रीत त्यांपैकी एक आहे याविषयी माझ्या मनात संदेह नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे गरोदर स्त्रीला नित्याच्या आहाराहून रोज सुमारे ३५० उष्मांक आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. वाढत्या कुटुंबात, म्हणजे नेमक्या ज्या घरात मूल पोटात आहे किंवा अंगावर आहे त्या घरात, तिचेच ताट आखडले जात असेल तर ते कुटुंब काटकसर करीत नसून पुढील पिढीच्या हाडामांसावर कर्ज काढीत आहे. म्हणून माझी सूचना अशी की, भाजी-आमटी भांड्यांतून वाढण्यापूर्वीच गृहिणीचा वाटा तिच्या ताटात वेगळा काढून झाकून ठेवावा, आणि याहून चांगले म्हणजे सर्वांनी एकत्र बसावे. यात पैचाही खर्च वाढत नाही. एखादे वेळी भाजी कमी पडलीच तर ती सर्वांना थोडी थोडी कमी पडते, इतकेच.

कपड्यांविषयी थोडक्यात सांगतो. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग कापून एकमेकांस जोडावयाचे, याला दांड घालणे म्हणत; दांडाचे लुगडेही विटले की त्याची गोधडी होई, मऊ तुकड्यांची बाळासाठी दुपटी व झबली होत, आणि अगदी चिंध्या झाल्यावर ती पोतेऱ्याच्या कामी येत. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवून खालची पट्टी आत दुमडून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी ती सोडता येते. थोरल्याचे कपडे धाकट्याला येणे यात कमीपणा नाही, मात्र धाकट्याला वर्षातून एकदा तरी, दिवाळीला म्हणा, केवळ त्याच्यासाठी घेतलेले कापड अंगावर घालावयास मिळावे. मुलाचे मन ही खतावणीबाहेरची बाब आहे असे समजू नये. पुस्तकांचेही तसेच. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तके कमी किमतीत मिळतात, आणि गेल्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून शिवलेली वही कच्च्या कामाला उत्तम होते. पण शाळेच्या सहलीचे पैसे वाचवून जी शिल्लक पडते ती मला मान्य नाही.

कर्जाकडे परत येऊ. रुपयास आणा घेणारा सावकार गेला, तरी त्याचे गणित गेलेले नाही. दरमहा तीन टक्के हा दर कोणी सांगितला तर तो चक्रवाढीने वर्षाला बेचाळीस टक्क्यांच्या पुढे जातो. हप्त्यांवर मिळणाऱ्या वस्तूंत फसगत आणखी सूक्ष्म असते. १२,००० रुपयांची वस्तू सरसकट दहा टक्के व्याजाने बारा समान हप्त्यांत घेतली, तर व्याज १,२०० रुपये होते आणि दर दहा टक्केच आहे असे वाटते. परंतु मुद्दल दरमहा फिटत जात असल्याने वर्षभरात सरासरीने आपल्याकडे सुमारे ६,५०० रुपयेच वापरावयास राहिलेले असतात, आणि त्या मानाने व्याज अठरा टक्क्यांच्या वर जाते. तीच रक्कम वर्षभर आधी बाजूला टाकून वस्तू रोखीने घेतली तर व्याज वाचते, आणि कित्येकदा वर्षाच्या अखेरीस ती वस्तू नको होती असेही ध्यानी येते. खरोखर नड लागली तर पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेकडे जावे. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यामागे हेतूच मुळी सावकाराच्या पाशातून सामान्य माणसाला सोडविण्याचा होता. बायकांची भिशी हेही एक चांगले साधन आहे, मात्र ती ओळखीच्या, एकमेकींच्या दाराशी जाऊ शकणाऱ्या दहा-बाराजणींपुरतीच असावी. अनोळखी चालकाच्या मोठ्या भिशीत शिरू नये.

एका पगाराच्या घराला सर्वांत मोठे भय असते ते मिळवता हात अवेळी थांबण्याचे. हे भय शब्दांत मांडणे अशुभ मानून पुष्कळ लोक ते टाळतात, आणि टाळणे परवडत नाही अशी ही एकमेव बाब आहे. आयुर्विम्याचा हप्ता हा एकमिळकती संसारात चैनीच्या नव्हे तर धान्याच्या बरोबरीने मोजावा. मृत्यूपुरतेच संरक्षण देणारा, मुदतीअंती काहीही परत न करणारा साधा मुदतीचा विमा सर्वांत स्वस्त पडतो, आणि लहान मुलांच्या बापाला तोच सर्वांत उपयोगी आहे. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा येथे जाणून घेण्यासारखा आहे: पतीने त्या कायद्याखाली पत्नीच्या व मुलांच्या लाभासाठी विमा उतरविला तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्तनिधी ठरते आणि पतीच्या धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. विमा घेतेवेळीच तसा अर्ज भरून द्यावा लागतो, मागाहून ते साधत नाही.

घरात पगार एक असला तरी काम करणारे हात दोन माणसांचे आहेत, याचा विसर पडलेला मी वारंवार पाहतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेचतात आणि घरकामात हात घालणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसून आले. जमशेदपूर येथे १९८९ साली लागलेल्या आगीत मृत्यू पावलेल्या गृहिणींच्या नुकसानभरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा २००१ साली न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. रक्कम थोडी होती, आजच्या मानाने तर फारच थोडी. तथापि ज्या श्रमाला घरचे लोकही काम म्हणत नव्हते त्याचा आकडा न्यायालयाने मांडला, हे फार मोठे झाले. पापड-सांडगे, लोणची, शिवण, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा यांतील प्रत्येक गोष्ट विकत घ्यावयाची झाली तर पगाराचा मोठा हिस्सा तिकडे जाईल. म्हणून जी व्यक्ती घर सांभाळते तिच्या वेळेचीही काटकसर झाली पाहिजे: जे यंत्र किंवा उपकरण तिचा रोजचा तासभर वाचविते ते, ऐपत होताच, दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूच्या आधी घरात यावे, पाणी भरणे, भाजी निवडणे, घड्या घालणे ही कामे मुलगा आणि मुलगी असा भेद न करता मुलांना वाटून द्यावीत.

आणि पैसाही दोघांच्या दृष्टीसमोर असावा. पगार किती, देणी किती, विम्याचा कागद कोठे, ठेव कोणाच्या नावे, हे ज्या घरी एकट्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक असते, तेथे दुसरीकडून काटकसरीची अपेक्षा करणे अंधारात सुई ओवावयास सांगण्यापैकी आहे. पगाराच्या दिवशी दोघांनी अर्धा तास वही घेऊन बसावे, मुले दहा-बारा वर्षांची झाली की त्यांनाही बसवावे, आणि जे दोघांचे आहे ते दोघांच्या नावे करावे. पोस्टाची बचत बँक १८८२ पासून या देशात चालत आली आहे. तिच्यात ५०० रुपयांत संयुक्त खाते उघडते, दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील अशी नोंद अर्जावर करता येते, आणि त्याच अर्जात वारसाचे नाव लिहिण्यास जागा असते.